थर्मोस्टॅट 34 दाखवतो, तरी पिल्लं का गारठतात?

प्रश्न : ब्रॉयलरची (मांसासाठीच्या कोंबड्यांची) 500 पिल्लं टाकली आहेत. ब्रूडरच्या (पिल्लांना ऊब देणाऱ्या छत्रीच्या) बल्बांना डिजिटल थर्मोस्टॅट जोडलाय. आकडा 34 दाखवतो, पण पहाटे पिल्लं एकमेकांवर चढून बसतात, खालची दबून मरतात. यंत्र बदलू का?

उत्तर : यंत्र बदलण्याआधी सेन्सर कुठे लटकतोय ते बघा. बहुतेक शेडमध्ये तो बल्बाजवळ किंवा डोक्याइतक्या उंचीवर वायरला गुंडाळलेला सापडतो. गरम हवा वर जाते. वर 34 झाले की थर्मोस्टॅट बल्ब बंद करतो, आणि खाली तुसावरचं पिल्लू थंडीतच राहतं. सेन्सर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तुसाच्या थरापासून दोनेक इंच वर आणा. बल्बाच्या थेट खाली नको, छत्रीच्या कडेला ठेवा. चोच लागणार नाही असा बांधा.

आता सेटिंग. पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. ‘डिफरन्स’, म्हणजे बल्ब बंद होण्याच्या आणि पुन्हा लागण्याच्या तापमानातला फरक, 1 अंशावर ठेवा. तो 4-5 वर असेल तर तापमान 30 पर्यंत उतरेस्तोवर बल्ब लागतच नाहीत, पहाटेचा घोळ यानेही होतो.

सेन्सरवर शंका असेल तर ग्लासभर बर्फाचा चुरा घ्या, थोडंसं पाणी घाला, ढवळा आणि सेन्सरचं टोक आत धरा. काही मिनिटांत आकडा शून्याच्या आसपास आला पाहिजे. दोन-तीन अंशांचा फरक बहुतेक यंत्रांत कॅलिब्रेशनने (सेटिंगमध्ये आकडा जुळवून) सुधारता येतो. त्याहून जास्त असेल तर सेन्सर बदला, तो स्वस्त असतो.

हिवाळ्यात पिल्लामागे 2 वॅट धरा, म्हणजे 500 पिल्लांना 1000 वॅट. एवढा भार यंत्राच्या छोट्या रिलेवर (आतल्या स्विचवर) थेट देऊ नका, मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा स्विच) बसवा. रिले चिकटला की बल्ब बंदच होत नाहीत. आणि हो, वीज वाचवायला एलईडी लावणारेही भेटतात. त्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही.

वीज गेली की थर्मोस्टॅट नुसता डबा. गॅस ब्रूडर किंवा शेगडी तयार ठेवा, पण शेगडी पेटवून पडदे गच्च बंद करू नका. धुराबरोबरचा विषारी वायू पिल्लांना मारतो, राखणीला झोपलेल्या माणसालाही.

रात्री दोनच्या सुमारास एकदा शेडमध्ये जा. पिल्लं बल्बाखाली गोळा झाली तर थंडी आहे. चोच उघडून चिक गार्डला (पिल्लांभोवतीच्या कुंपणाला) चिकटली तर उकाडा. सगळीकडे पसरून दाणा टिपत असतील तर आकड्याला हात लावू नका.