तीन महिने झाले, अजून एकाही माणसाशी बोलले नाही

प्रश्न : मी साहित्याची पदवीधर. समुपदेशक व्हायचं म्हणून मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. पहिल्या सत्रात संख्याशास्त्र, संशोधन पद्धती आणि मानसमापन (मनाचे गुणधर्म चाचण्यांनी मोजणं), एवढंच. मला माणसांचं दुःख ऐकायचं होतं, इथे सूत्रं पाठ करतेय. वर्गातले बहुतेक जण पदवीपासून हाच विषय शिकलेले. हे सोडून समुपदेशनाचा सहा महिन्यांचा डिप्लोमा करू का?

उत्तर : नको सोडूस. तुझी तगमग मला कळते. पण ज्या विषयांना तू आडवाट समजतेस, ते समुपदेशकाच्या खोलीत कसे येतात ते आधी बघ.

समज, उद्या तुझ्यासमोर उदास मनःस्थितीतली एक बाई बसली आहे. पहिल्या भेटीत प्रश्नावलीवर तिचे गुण आले २४, महिन्याभराने २० (जास्त गुण म्हणजे जास्त उदासी). ती विचारते, ‘मी बरी होतेय ना?’ चार गुण कमी झाले म्हणून तू हो म्हणशील. आता तुझं मानसमापनाचं पुस्तक उघड. त्या चाचणीचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) १० आणि विश्वसनीयता (पुन्हा मोजल्यावर गुण किती सारखे येतात ते) ०.९१ असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एका मोजणीत साधारण होणारी चूक, ३ येते. दोन वेळच्या गुणांची तुलना करताना ती सुमारे ४.२ होते. म्हणजे ९५ टक्के खात्रीने ‘बदल झाला’ म्हणायला साधारण ८ गुणांचा फरक हवा. चारचा फरक नुसत्या मापनातल्या चढउतारानेही पडू शकतो. चाचणी चांगली असूनही! हे माहीत असलेली समुपदेशक घाईने ‘बरी होताय’ म्हणणार नाही. ती झोपेबद्दल, भुकेबद्दल, कामाबद्दल विचारेल, उपचाराची दिशा पुन्हा तपासेल. त्या बाईचे पुढचे महिने यावर अवलंबून असतात.

संशोधन पद्धतीचंही तसंच. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय (म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता न येणारे) होते, फेरतपासणीत जेमतेम ३६ टक्क्यांत. ‘सिद्ध झालेलं तंत्र’ म्हणून तुझ्या हाती काहीही दिलं जाईल, तेव्हा नमुना केवढा होता, तुलनेला गट होता का, हे तुला स्वतःला विचारता आलं पाहिजे. आपल्याला माणसं आपोआप कळतात असं मानून समुपदेशनात उतरणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते.

संख्याशास्त्राची भीती मात्र घालवावी लागेल. मध्य (सरासरी), प्रमाण विचलन, सामान्य वितरण, सहसंबंध आणि टी-चाचणी (दोन सरासरींमधला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारी) एवढं पक्कं कर. दहा जणांची आकडेवारी घेऊन एकदा सगळं हाताने सोडव, संगणक नंतर. (टी-चाचणी १९०८ मध्ये गॉसेट नावाच्या, मद्यनिर्मितीच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने मांडली. हाताशी नमुने थोडेच असायचे, ही त्याची रोजची अडचण होती.) पदवीपासून मानसशास्त्र शिकलेल्यांना इथे थोडी आघाडी आहे. एका सत्रात ती भरून निघते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

तुझं साहित्य वाया गेलेलं नाही. मुलाखतींवर आधारलेल्या गुणात्मक संशोधनात माणसाचं बोलणं ओळीओळीने वाचावं लागतं, काय म्हटलं आणि काय टाळलं ते टिपावं लागतं. लघुप्रबंधासाठी असा विषय निवडलास तर तुझी ती तयारी कामी येईल.

आता खरा कळीचा मुद्दा. विभागप्रमुखांना भेट आणि विचार: प्रत्यक्ष व्यक्तींसोबतचं प्रात्यक्षिक कोणत्या सत्रात, किती तासांचं? विद्यार्थ्यांनी घेतलेल्या समुपदेशनाच्या बैठकांवर अनुभवी व्यक्ती बसून चर्चा करते का, म्हणजे सुपरव्हिजन आहे का? ते अजिबात नसेल, तर विद्यापीठ बदलण्याचा विचार मी योग्य मानेन. शिवाय अनेक देशांत नुसत्या एम.ए.वर स्वतंत्रपणे उपचार करता येत नाहीत, पुढचं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. तुला जिथे काम करायचंय तिथल्या परवाना देणाऱ्या संस्थेचे नियम ऐच्छिक विषय निवडण्याआधी वाच, नाहीतर नेमका हवा तो विषय सुटतो.

डिप्लोमा नंतर, जोड म्हणून जरूर कर. आणि ऐकायची ओढ आत्ताच असेल, तर प्रशिक्षण देऊन मगच फोनवर बसवणाऱ्या एखाद्या हेल्पलाइनवर आठवड्यातून एक संध्याकाळ दे. विभागप्रमुख काय म्हणाले ते मला कळव, त्यावरून दुसऱ्या सत्राचे विषय ठरवू.