काचेवर राहिलेला कागद

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा व्हॉइस मेसेज सकाळचा चहा होईपर्यंत तीनदा ऐकला. शेवटी शेवटी आवाज भरून आला होता तुझा. दोन मिनिटांच्या सुरुवातीच्या सीनला एकेचाळीस शॉट्स, ड्रोन भाड्यानं मिळत नाही, कॅमेरामन म्हणतो सगळं एका टेकमध्ये घेऊ, आणि तू मला विचारतेस, "ताई, लेन्स कुठली लावू?"

लेन्सचं नंतर बघू. आधी सांग, कुणाला काय ठाऊक आहे?

तुझी गोष्ट मला फार आवडली, म्हणूनच चिडले आहे. पेपरफुटीची गोष्ट, कॉलेजसमोरचं झेरॉक्सचं दुकान. आणि सुरुवात काय, तर तो मुलगा पावसात गल्लीतून पळतोय. का पळतोय मला ठाऊक नाही, कुणापासून तेही नाही. मग मी नुसती बघत बसणार, पोरगं दमेपर्यंत. आणि तुझ्याच पटकथेत चौथ्या पानावर तो मित्राला सांगतो की मूळ प्रश्नपत्रिका मशीनच्या काचेवरच राहिली. अगं, हाच तुझा पहिला सीन! तो संवादात कसला उरकतेस?

दुकान बंद व्हायची वेळ आहे. काकांनी शटर अर्ध्यावर ओढलंय. मुलगा स्वतःच प्रती काढतो, मोजतो, पैसे देतो, वाकून बाहेर पडतो. झाकणाखालून कागदाची दोन बोटं पांढरी कड बाहेर आलेली. आपल्याला दिसली, त्याला नाही. आता तो कोपऱ्यावर चहा प्यायला थांबला तरी माझा जीव वरखाली. पळायला कशाला हवं? तेवढ्यात कुणी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला येतं आणि काका झाकणाला हात घालतात. तिथे कट.

यात कुणाला काय ठाऊक आहे, हे तुला एका वाक्यात सांगता येतं. एकेचाळीस शॉट्सच्या यादीतून सांगून दाखव.

दिग्दर्शक हिचकॉकचा टेबलाखालचा बॉम्ब तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात: बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक, टेबलाशी गप्पा मारणाऱ्यांना नाही. परीक्षेत तुम्ही तो लिहिता, आणि लोकेशनवर पोचलात की विसरता. तुझ्या कॅमेरामनला एक टेक हवाय ना? त्याला ऑर्सन वेल्सच्या १९५८ सालच्या 'टच ऑफ ईव्हिल'ची सुरुवात पुन्हा बघायला लाव. तीन मिनिटांहून लांब शॉट, क्रेनवरून. सगळे त्या क्रेनवर जीव टाकतात. पण शॉट सुरू होतो तो बॉम्बचा टायमर फिरवणाऱ्या हातांवर. बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो, मग त्या गाडीत माणसं बसतात. ते हात काढून टाक, उरेल फक्त रस्त्यानं चाललेली गाडी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी डिप्लोमा फिल्म एका वाड्यात होती. बाई आत येते, कपाट उघडते, आत प्रेत. तेव्हा १६ एमएमच्या फिल्मवर शूट व्हायचं. चारशे फुटांचा अख्खा रोल, म्हणजे अकरा मिनिटं, मी त्या एका ट्रॉली शॉटवर घालवला. साउंड करणारा मित्र जिन्यात बसला होता. म्हणाला, आधी कपाटाच्या फटीतून आलेलं पदराचं टोक दाखव. मी सगळ्या युनिटसमोर त्याला म्हणाले, "तू आवाजाचं बघ." त्यानं आवाजाचंच पाहिलं, आणि पुन्हा कधी माझ्यासोबत काम केलं नाही. स्क्रीनिंगला लोक एकदा दचकले. दुसऱ्या खेळाला तेही नाही. एडिटिंगला बसले तेव्हा तीन आठवडे मी तो पदर शोधत होते, जो शूटच केला नव्हता.

त्यानंतर मी दिग्दर्शन सोडून एडिटिंगला आले. लोक म्हणाले घाबरली. घाबरले नव्हते. न घेतलेल्या शॉटची किंमत मला कळली होती आणि ती दुसऱ्या कुणाला मोजावी लागू नये, एवढंच वाटत होतं. म्हणून प्रत्येक दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी विचारते, "कुणाला काय ठाऊक आहे?" दोघांनी त्यावरून दुसरा एडिटर घेतला. घेऊ देत. प्रश्न मी आजही सोडलेला नाही आणि तुझ्यासाठीही सोडणार नाही.

आता तुझ्या बाकीच्या शंका. दुकानात ट्यूबलाइट आहेत आणि आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा सेकंदाला २५ फ्रेम्स आणि कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद, म्हणजे फ्लिकर, दिव्यांची लुकलुक, येणार नाही. फोनवर घेत असाल तर एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर मशीनचा दिवा सरकला की अख्खी फ्रेम काळवंडेल. कॅमेरा काउंटरच्या गिऱ्हाइकाच्या बाजूलाच ठेवा, पलीकडे उडी मारू नका. कडेचा क्लोजअप ट्रायपॉडवर, ॲक्शनच्या आधी आणि नंतर पाच-पाच सेकंद जास्त. झाकण प्रत्येक टेकला उघडणार, म्हणून कागद कुठवर येतो त्याची पेन्सिलनं खूण करून ठेव. मशीनची घरघर, शटरचा आवाज वेगळा रेकॉर्ड कर, आणि पंखा बंद करून तीस सेकंद नुसती दुकानाची शांतता. ते खेळण्यातलं पिस्तूल घरीच राहू दे. परवानगीशिवाय भर रस्त्यात काढलंस तर लोकांना ते खरंच वाटेल.

लेन्स? ज्या लेन्सनं ती कड आणि मुलाची पाठ एकाच फ्रेममध्ये दिसेल, ती.

शूट रविवारी आहे ना? शनिवारी रात्री, दुकान बंद होतं त्याच वेळेला, एकटी जा. काकांना सांगून एक कागद काचेवर ठेव, झाकण लाव, आणि शटरपाशी उभी राहून फोटो काढून मला पाठव. कड तिथून दिसते का, तेवढं बघायचंय मला.

— ताई