घसा बरा झाला, मग झडप का सुजली?

प्रश्न : आमच्या ११ वर्षांच्या मुलाचा घसा दुखत होता, चार दिवसांत आपोआप थांबला. तीन आठवड्यांनी ताप आला. आधी गुडघा सुजला, तो उतरतो तोच घोटा. आता डॉक्टर हृदयाच्या झडपेलाही सूज आहे म्हणतात. घशाचा हृदयाशी काय संबंध?

उत्तर : याला रुमॅटिक ताप म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू घशात शिरले की शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, तयार करतं. ही प्रतिपिंडं जंतूच्या अंगावरचं 'एम' नावाचं प्रथिन ओळखून त्याला धरतात. घोळ होतो तो इथेच. हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनाची ठेवण या 'एम'शी काही ठिकाणी मिळतीजुळती आहे. त्यामुळे जंतू गेल्यावरही प्रतिपिंडं आणि पांढऱ्या पेशी हृदयावर तुटून पडतात. या सगळ्याला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर घशाचं दुखणं घरात कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

सांध्यांची काळजी करू नका, ते पूर्ण बरे होतात. झडपेचं तसं नाही. आजार पुन्हा उलटला की ती आणखी जाड होते, चिकटते. बहुतेकदा फटका बसतो तो डावीकडच्या मायट्रल झडपेला. हा आजार सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो, असं फ्रेंच डॉक्टर लासेग १९व्या शतकात म्हणून गेले, ते आजही खरं आहे. घरातल्या दुसऱ्या मुलाचा घसा दुखला, तर लगेच तपासून घ्या. पहिल्या ९ दिवसांत योग्य प्रतिजैविक सुरू झालं, तर हा ताप टाळता येतो. गोळ्या मात्र १० दिवस पूर्ण द्यायच्या, दुखणं थांबलं तरी.

प्रश्न : ९ वर्षांच्या पुतणीच्या हातून सारखी भांडी पडतात, अक्षर बिघडलंय, तोंड वेडंवाकडं होतं. शाळेतून तक्रारी येतात. आजी म्हणतात दृष्ट लागली.

उत्तर : तिला कृपा करून रागावू नका. हा कोरिया असू शकतो, म्हणजे रुमॅटिक तापामुळे हात-पाय, चेहरा आपोआप हलण्याचा आजार. तशीच प्रतिपिंडं मेंदूतल्या हालचाली सांभाळणाऱ्या केंद्रांना त्रास देतात. मुलींमध्ये हे जास्त दिसतं आणि घसा दुखल्यानंतर काही महिन्यांनीही सुरू होऊ शकतं. झोपेत या हालचाली थांबतात का, ते पाहा. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि छातीत काही तक्रार नसली तरी हृदयाची इको (सोनोग्राफी) करून घ्या. वर्गशिक्षकांना भेटून सांगा की पोरगी मुद्दाम करत नाही. बहुतेक मुली काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात.

प्रश्न : प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून रुमॅटिक ताप झाला का? काढा देऊ का?

उत्तर : नाही. शक्ती कमी नव्हती, ती चुकीच्या जागी वळली. काढ्याने ती माघारी वळत नाही.

प्रश्न : मुलाच्या रक्ततपासणीत एएसओ (स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धची प्रतिपिंडं) वाढलाय. ताप नाही, सूज नाही. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू करायची?

उत्तर : केवळ त्या आकड्यावर नाही. तो जंतू येऊन गेल्याची खूण आहे, आजाराची नव्हे. धडधाकट मुलांतही तो वाढलेला सापडतो. एवढ्यावरून मुलांना वर्षानुवर्षं सुया टोचलेल्या पाहिल्या की जीव तुटतो.

प्रश्न : मुलीच्या झडपेला सूज होती. आता ती छान खेळते, तरी दर २१ दिवसांनी पेनिसिलिन. किती वर्षं?

उत्तर : किमान १० वर्षं किंवा वयाच्या २५व्या वर्षापर्यंत, यांतलं जे उशिरा येईल ते. झडप फार बिघडली असेल तर त्याहूनही पुढे. हे इंजेक्शन झडप दुरुस्त करत नाही. ते पुढचा जंतू घशात रुजू देत नाही आणि म्हणून प्रतिपिंडांना नव्याने चेव येत नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर औषधाचं रक्तातलं प्रमाण खाली येतं, म्हणून २१ दिवस. सुई फार दुखते हे खरंच आहे. औषध फ्रिजमधून काढून लगेच न देता थोडं कोमट होऊ द्यावं, मुलीला आडवं झोपवून सावकाश टोचावं, एवढं सिस्टरांना सांगा. तारीख हुकलीच तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या.