१२ जणांच्या जेवणाला किती किलोचा टर्की घ्यावा?

२५ डिसेंबरला घरी १२ माणसं जेवायला आहेत आणि टर्की किती किलोचा सांगायचा, असं तुम्ही विचारलंय. हिशेब माणशी अर्धा किलोचा असतो, कच्चं वजन, हाडासकट. म्हणजे सहा किलो. पण दुकानात फोन करायच्या आधी ओटीजीत, म्हणजे टेबलावरच्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, पट्टी घालून आतली उंची मोजा.

आमच्याकडे हे उलटं झालं. धाकटे दीर न्यू जर्सीहून सुट्टीवर आले होते आणि थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला टर्की खायचा सण, कोथरूडात करायचंच म्हणून हटून बसले. थँक्सगिव्हिंग येतं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. गुरुवार! सासूबाई स्वामींचं करतात आणि थोरल्या जाऊबाईंचा मार्गशीर्षातला पहिलाच गुरुवार. मी म्हटलं, "भाऊजी, शनिवारी करू." तर म्हणे, "वहिनी, ते गुरुवारीच असतं." त्यांनी डोकी मोजली चौदा आणि कॅम्पातून आठ किलोचा टर्की आणला. खाणारे निघाले आठ.

आणला तोही मंगळवारी संध्याकाळी, दगडासारखा गोठलेला. फ्रिजमध्ये बर्फ सुटायला दर दोन-सव्वादोन किलोला एक दिवस लागतो, म्हणजे याला चांगले साडेतीन-चार दिवस हवे होते. त्याच्यासाठी मी फ्रिजचा मधला कप्पा काढला, दह्याचं पातेलं आणि भाज्या शेजारच्या काकूंकडे पाठवल्या. गुरुवारी दुपारी पोटात हात घातला तर बोटं बर्फाला चिकटली. आत मान आणि काळीज-पेटा भरलेली एक पिशवी असते, ती निघेचना. त्यात आमचा ओटीजी तीस लिटरचा. आडवा, उभा, तिरका, सगळं करून पाहिलं; तंगड्या बाहेरच. दाराला गुडघा लावून बसलेले भाऊजी मला अजून दिसतात.

शेवटी तो पिशवीत घालून खाटकाकडे नेला. "ताई, हे कुठलं कोंबडं?" म्हणत त्याने सत्तूर चालवला. तंगड्या ओटीजीत गेल्या, बाकीचं काळ्या मसाल्यात कुकरला. रस्सा लोकांनी मागून मागून घेतला, आणि तरीही दोन मोठे डबे भरून उरलं. भाऊजी आजही व्हिडिओ कॉलवर सांगतात की वहिनींचा ओव्हन लहान पडला. त्या ओव्हनमध्ये आठ वर्षं केक होताहेत, कधी कमी पडला नाही.

तेव्हा बारापैकी खरोखर खाणारे किती, ते नावानिशी लिहून काढा, आणि २५ तारखेला वार कोणता आहे तेही बघा. शिवाय टेबलावर बिर्याणी ठेवणार असाल तर माणशी अर्धा किलोही जास्तच. लोक एक तुकडा चाखतात, "चिकनच की, जरा कोरडं" म्हणतात आणि बिर्याणीकडे वळतात. माझं मत विचाराल तर चार-साडेचार किलोच्या वर जाऊच नका. सगळेच खाणारे निघाले तर लहान दोन घ्या आणि एक शेजाऱ्यांच्या ओव्हनमध्ये लावा. चार किलोचा १६५ अंशांवर तीनेक तासांत होतो; आठ किलोच्याला चार तास लागतात आणि तोवर छातीचा भाग सुकतो. मांडीत जाड जागी थर्मामीटर खुपसून ७४ अंश दिसले की झालं.

हां, लहान पक्ष्यात हाडाचा वाटा जास्त असतो, म्हणून वजन थोडं वाढवून धरा. दुसऱ्या दिवशी सँडविचला उरायला हवं असेल तर माणशी पाऊण किलो. आणि नानकटाई भाजून आणतो तशी ओळखीच्या बेकरीची भट्टी मिळत असेल, तर उंचीबद्दलचं माझं सगळं म्हणणं सोडून द्या. फक्त आधी विचारा, शुद्ध शाकाहारी बेकरी असेल तर दारातूनच परत पाठवतील.

भाऊजी हे वाचत असतील तर, पट्टी तेव्हाही टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्येच होती.