वाचकांचे प्रश्न : शेक्सपिअर वाचायचा कसा, बोलायचा कसा

प्रश्न : अभ्यासक्रमात ‘मॅकबेथ’ आहे. मूळ संहिता हातात घेतली की दहा-बारा ओळींतच दम लागतो. गाइड वाचून पेपर निघेल, पण नाटक वाचल्यासारखं वाटत नाही. सुरुवात कुठून करू?
— विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तोंडाने वाचण्यापासून. ही भाषा नटांच्या जिभेसाठी लिहिलेली आहे. मनातल्या मनात वाचली की ती अडते.

आधी पान नुसतं बघा. ओळी उजव्या समासापर्यंत भरलेल्या असतील तर ते गद्य. ओळ अलीकडेच तुटून पुढची कॅपिटल अक्षराने सुरू होत असेल तर पद्य. कोण कधी गद्यात उतरतो हे टिपून ठेवा. लेडी मॅकबेथ एरवी पद्यात बोलते, झोपेत चालताना मात्र गद्यात बडबडते. ‘ज्युलिअस सीझर’मध्ये ब्रूटस भर चौकात गद्यात आपली बाजू मांडतो, त्याच्यामागून अँटनी पद्यात बोलतो आणि तीच गर्दी उलटवतो.

पद्याची साधी ओळ दहा उच्चारांची असते. पाच जोड्या, प्रत्येक जोडीत पहिला उच्चार हलका, दुसरा जोरकस. ‘ट्वेल्फ्थ नाइट’ची पहिली ओळ बोटांवर मोजा : इफ म्यू-झिक बी द फूड ऑफ लव्ह, प्ले ऑन. जोर येतो तो म्यू, बी, फूड, लव्ह आणि ऑनवर. इथे आपल्याकडे एक चूक हमखास होते. आपला कान लघु-गुरूंवर पोसलेला, त्यामुळे आपण जोर देण्याऐवजी स्वर ओढतो आणि ओळ आरतीसारखी लांबत जाते. स्वर ओढू नका, आघात द्या. अकरावा उच्चार सापडला तर दचकूही नका. ‘टु बी, ऑर नॉट टु बी’ची ओळ अकराचीच आहे, शेवटचा हलका उच्चार लोंबकळत राहतो. हॅम्लेटचा निर्णय होत नाहीये हे ओळीच्या शेपटालाही कळतं, असं म्हणायचा मोह होतो. पण असली शेपटं या नाटकांत ढिगाने आहेत, तेव्हा प्रत्येकीत अर्थ शोधू नये.

मोजणीचा खरा उपयोग उच्चार ठरवताना होतो. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या तिसऱ्या अंकात हद्दपार झालेला रोमिओ म्हणतो : हेन्स बॅनिशेड इज बॅनिश्ट फ्रॉम द वर्ल्ड. शब्द एकच, पण पहिल्यांदा तीन उच्चारांचा आणि दुसऱ्यांदा दोनाचा. दोन्हीकडे ‘बॅनिश्ट’ म्हटलंत तर ओळ नऊवर लंगडते. काही आवृत्त्यांत अशा ‘ई’वर छोटी तिरकी रेघ असते, तिच्याकडे लक्ष ठेवा.

तुमच्या ‘मॅकबेथ’मध्ये दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश उघडा. खून करून मॅकबेथ खाली आला आहे. बायको विचारते, ‘डिड नॉट यू स्पीक?’ तो : ‘व्हेन?’ ती : ‘नाऊ.’ तो : ‘ॲज आय डिसेन्डेड?’ छपाईत हे तुकडे पायऱ्यांसारखे एकाखाली एक सरकवलेले दिसतील, कारण चारही मिळून ओळ एकच आहे. म्हणजे मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. दोघांनी एकमेकांच्या शब्दांवर शब्द टाकायचे. नाट्यपूर्ण विराम घेऊन हा तुकडा ‘उठवायला’ गेलं की तो पडतो.

अर्थासाठी ओळीच्या शेवटी थांबू नका, पूर्णविरामापर्यंत जा. वाक्य उलटंपालटं वाटलं तर आधी क्रियापद शोधा, मग त्याचा कर्ता. बाकीचं आपोआप जागेवर बसतं. अनोळखी शब्दांना तळटीप असते. फसवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. ‘प्रेझेंटली’ म्हणजे तिथे लगेच, ‘स्टिल’ म्हणजे बहुतेकदा नेहमी. भुताच्या मागे जाताना अडवणाऱ्यांना हॅम्लेट धमकावतो त्या ओळीत ‘लेट’ म्हणजे रोखणं, आजच्या अर्थाच्या नेमकं उलट. ‘व्हेअरफोर’ म्हणजे कुठे नव्हे, का. बाल्कनीतली ज्युलिएट रोमिओला शोधत नसते. तू रोमिओच का झालास, म्हणून कळवळत असते.

प्रश्न : शेक्सपिअरने इंग्रजीला सतराशे नवे शब्द दिले, असं सगळीकडे वाचतो. खरं का?
— निवृत्त शिक्षक, अकोला

उत्तर : आकडा फुगलेला आहे. तो ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशावरून आला. त्या कोशात शब्दाखाली त्याची सापडलेली सर्वांत जुनी लेखी नोंद असते. १८८४ ते १९२८ या काळात कोश खंडाखंडाने निघाला, तेव्हा स्वयंसेवक जुनी पुस्तकं वाचून चिठ्ठ्या पाठवत. शेक्सपिअर घराघरांत होता, त्याच्या शब्दसूच्याही तयार होत्या. त्याच्या बरोबरीचे किरकोळ लेखक तेवढ्या बारकाईने कोण वाचणार? पुढे जुनी छापील पुस्तकं संगणकावर शोधता येऊ लागली आणि ‘त्याचे’ कितीतरी शब्द आधीच्या लिखाणात सापडले. म्हणींचंही तेच. चकाकतं ते सोनं नव्हे, ही त्याच्या आधीपासून चालत आलेली म्हण.

मोजणीपेक्षा त्याची शब्द वापरायची रीत बघण्यासारखी आहे. नामाचं, विशेषणाचं क्रियापद करणं त्याच्या हातचा मळ. रक्ताळलेले हात बघून मॅकबेथ म्हणतो, हे हात ‘द मल्टिट्यूडिनस सीज इन्कार्नडीन’ करतील. ‘इन्कार्नडीन’ हे रंगाचं विशेषण आधी होतं, इथे त्याचं क्रियापद झालं. लॅटिन वळणाचे दोन भारदस्त शब्द. ते पिटातल्या, उभं राहून नाटक बघणाऱ्या माणसाला कळतील न कळतील, म्हणून पुढचीच ओळ : मेकिंग द ग्रीन वन रेड. ‘मेकिंग’ सोडला तर सगळे एका उच्चाराचे, आणि सगळेच घरगुती शब्द. अवघड शब्द टाकून लगेच पुढे त्याचा उलगडा करायची ही युक्ती त्याच्यात पुष्कळदा भेटते. तळटीप बघायच्या आधी पुढची ओळ वाचा, असं आम्ही सांगतो ते म्हणूनच.

प्रश्न : आमचा हौशी संच ‘हॅम्लेट’ आणि ‘लिअर’मधले प्रवेश मराठीत करतो आहे. ‘दाऊ’ला सरसकट तू आणि ‘यू’ला तुम्ही केलं तर चालेल?
— नाट्यसंस्था, रत्नागिरी

उत्तर : सरसकट नको. ‘दाऊ’ म्हणजे तेव्हाच्या इंग्रजीतला ‘तू’ : जवळिकीचा, नोकराशी बोलण्याचा, देवाला हाक मारण्याचा, तसाच अपमानाचाही. बघायचं ते एवढंच : पात्र एकातून दुसऱ्यात कधी उडी मारतं.

‘लिअर’च्या पहिल्याच प्रवेशात केंट भर दरबारात राजाला ‘दाऊ’ म्हणतो, वर ‘ओल्ड मॅन’ही म्हणतो. ‘महाराज’ म्हणत आलेल्या सरदाराच्या तोंडून ‘म्हाताऱ्या, काय करतोयस हे?’ असं निघालं तरच हद्दपारीची शिक्षा पटते. इथे आदरार्थी अनुवाद केलात तर प्रवेश मेला.

‘हॅम्लेट’मध्ये आईच्या महालातला प्रवेश उलट अडचणीचा. गर्ट्रूड म्हणते, तू तुझ्या वडिलांना दुखावलंस, ‘दाऊ’. तो तेच वाक्य फिरवून परत करतो, फक्त ‘यू’ लावून. तिचा ‘वडील’ म्हणजे आताचा नवरा क्लॉडिअस, त्याचा वडील म्हणजे मेलेला राजा. मराठी मुलगा आईला तूच म्हणतो, त्यामुळे तुमच्या संहितेत तो आधीपासून कसा बोलतो यावर सगळं ठरेल. घरगुती वळण ठेवलं असेल तर या एका वाक्यात ‘तुम्ही’ आणा, तो थंडपणा लगेच झोंबेल. राजघराण्याचं ‘आईसाहेब, आपण’ वळण असेल तर हा फरक सर्वनामाने दाखवता येणार नाही. मग वाक्याची रचना हुबेहूब तीच ठेवा आणि काम आवाजावर सोडा.

जाता जाता वेळेचं. मिनिटाला साधारण वीस ओळी धरा. १६०४-०५च्या छापील प्रतीत ‘हॅम्लेट’ सुमारे ३८०० ओळींचं आहे, म्हणजे तीन तासांच्या वर, प्रवेशबदल वेगळे. काटछाट कराल तर भाषणच्या भाषणं काढा. पद्याची अर्धी ओळ कापली की समोरच्या नटाचा ठेका हुकतो.

प्रश्न : ‘नटसम्राट’मधलं ‘जगावं की मरावं’ हे ‘हॅम्लेट’चं भाषांतर आहे का?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : सुरुवात तिथली, पुढचं शिरवाडकरांचं. १९७०च्या या नाटकाचा सांगाडा ‘लिअर’च्या जवळचा आहे : हयातीत सगळं मुलांना देऊन बसलेला बाप. लिअरच्या तीन मुली. बेलवलकरांना एक मुलगा, एक मुलगी. ‘हॅम्लेट’ मराठीत त्याच्या बरंच आधी आलं होतं, आगरकरांचं ‘विकारविलसित’, १८८३. शाहूनगरवासी मंडळींच्या गणपतराव जोशींनी हॅम्लेट गाजवला. बेलवलकरांचं नावही गणपतरावच.

प्रश्न : एकशे सोळाव्या सुनीताच्या शेवटी ‘प्रूव्ह्ड’ आणि ‘लव्ह्ड’ यमकात आहेत. जुळत तर नाहीत!
— वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तेव्हा जुळत होते. दोन्हींतला स्वर एकच असे. पुढे त्यांची फारकत झाली. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात २००४ साली भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांच्या मदतीने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ त्या काळच्या उच्चारांत झालं होतं. त्या उच्चारांत ‘हार्ट’, ‘वर्ल्ड’मधला र स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा तो र तुम्ही खणखणीत म्हणत असाल आणि कुणी हसलं, तर खुशाल म्हणत राहा.