अमेरिकी गायक जॉर्ज जोन्सचं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ किती आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं? आणि त्याला कंट्रीतलं, म्हणजे अमेरिकेतल्या त्या गावाकडच्या ढंगाच्या संगीतातलं, सर्वोत्तम गाणं का म्हणतात?

एकच आठवडा. जुलै १९८० मध्ये ते बिलबोर्ड या संगीतविषयक मासिकाच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि पुढच्याच आठवड्यात खाली आलं. पण जोन्ससाठी तो एक आठवडा फार मोठा होता. दारू आणि कोकेनने त्याची पार वाताहत झाली होती, आणि १९७५ नंतर एकट्याने गायलेलं त्याचं एकही गाणं पहिलं आलं नव्हतं.

मला स्वतःला हे गाणं सर्वोत्तम वाटतं ते त्याच्या रचनेमुळे. एक माणूस म्हणतो, मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन. तिचा फोटो भिंतीवर, जुनी पत्रं जपून ठेवलेली, त्यातल्या प्रेमाच्या शब्दांखाली लाल रेघा मारलेल्या. मग कळतं की आज त्याने प्रेम करायचं थांबवलं. का, ते गाणं थेट सांगत नाही. दारावर फुलांचं चक्र लागतं आणि आपल्या पोटात खड्डा पडतो.

गाणं लिहिलं बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन यांनी. निर्माता बिली शेरिलने ते त्यांच्याकडून पुन्हा लिहून घेतलं. शेवटी तिने त्याला बघायला यावं, हा त्याचाच आग्रह. तो भाग जोन्स गात नाही, बोलतो. शेरिल सांगायचा, की पहिल्या कडव्याचं आणि या बोललेल्या भागाचं ध्वनिमुद्रण यांच्यात तब्बल अठरा महिने गेले, कारण नशेत जोन्सची जीभ जड व्हायची. इतकं रडकं गाणं कोण विकत घेणार, असं खुद्द जोन्सचं मत होतं!

पुढे त्याला ग्रॅमी मिळालं. कंट्री म्युझिक असोसिएशनने १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षं याला सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार दिला.

हेडफोन लावून ऐका. बोलण्याच्या त्या भागात मागे गायिका मिली कर्कहॅमचा शब्दांविना उंच आवाज येतो, तिकडे लक्ष द्या. मग २०१३ मधल्या जोन्सच्या अंत्यविधीचं चित्रीकरण बघा. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या प्रसिद्ध रंगमंचावर गायक अॅलन जॅक्सन हेच गाणं म्हणतो आणि शेवटाकडे डोक्यावरची हॅट काढतो.