क्लोरोबेंझिनमधील क्लोरीन काढताना निकेल उत्प्रेरक कायमचा निकामी होतो का?

आपण विचारले आहे की अ‍ॅल्युमिनावर (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या आधारावर) बसवलेला निकेल उत्प्रेरक 300 अंश सेल्सिअसला हायड्रोजनच्या प्रवाहात क्लोरोबेंझिनवर चालवला असता रूपांतरण, म्हणजे अभिक्रिया झालेल्या क्लोरोबेंझिनचे प्रमाण, पहिल्या काही तासांतच घसरते, तर ही क्लोरीनची कायमची विषबाधा समजावी का. माझ्या मते सुरुवातीच्या घसरणीचा बराचसा भाग परत मिळवता येतो. जे परत मिळत नाही त्याला मुख्यतः निकेलच्या कणांची वाढ जबाबदार असते, आणि उत्प्रेरक बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी या दोहोंची फारकत करून घ्यायला हवी.

या अभिक्रियेत बेंझिनबरोबर हायड्रोजन क्लोराइड तयार होतो. कार्बन आणि क्लोरीन यांच्यातील बंध निकेलवर तुटतो, पण मोकळा झालेला क्लोरीन पृष्ठभागाला घट्ट धरून बसतो आणि हायड्रोजन त्याला सावकाश काढून नेतो. त्यामुळे चालू अभिक्रियेत पृष्ठभागाचा मोठा भाग क्लोरीनने अडवलेला असणे स्वाभाविकच आहे. याची एक जमेची बाजूही आहे, कारण एरवी बेंझिनचे सायक्लोहेक्झेन करून टाकणारे हेच निकेल क्लोरीनच्या सान्निध्यात बहुधा बेंझिनपाशीच थांबते.

निकेल क्लोराइडबद्दल मात्र फार घाईने निष्कर्ष काढले जातात. निकेल क्लोराइड आणि हायड्रोजन यांपासून निकेल आणि हायड्रोजन क्लोराइड बनण्याचा समतोल उष्मागतिकीच्या आकड्यांवरून ढोबळमानाने मांडला, तर 300 अंशांवर आणि हायड्रोजनचा दाब 1 बार असताना हायड्रोजन क्लोराइडचा दाब सुमारे 0.1 बारच्या खाली राहिल्यास कणाच्या गाभ्यापर्यंत क्लोराइड टिकू शकत नाही. 250 अंशांवर हीच मर्यादा 0.04 बारच्या आसपास येते. तापमान उतरले की समतोल क्लोराइडच्या बाजूने झुकतो, हे येथे फार महत्त्वाचे आहे. भट्टी बंद करून उत्प्रेरक त्याच वायुमिश्रणात थंड होऊ दिला, तर अभिक्रियेच्या वेळी नसलेले क्लोराइड थंड होताना तयार होऊ शकते आणि क्ष-किरण विवर्तनात (स्फटिकांची ओळख पटवणाऱ्या क्ष-किरण चाचणीत) तेच दोषी ठरते. शिवाय पिवळसर निर्जल क्लोराइड हवेतील ओलावा शोषून हिरवे होते, म्हणजे नमुना उघड्यावर ठेवल्यास गोंधळात आणखी भर पडते. म्हणून थंड करण्यापूर्वी त्याच तापमानाला क्लोरोबेंझिन बंद करून नुसता हायड्रोजन सोडत राहावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

हीच आपली निर्णायक चाचणीही ठरेल. बाहेर पडणारा वायू पाण्यातून नेऊन त्याची आम्लता थांबेपर्यंत हायड्रोजन चालू ठेवावा आणि मग पूर्वीच्याच प्रवाहाने क्लोरोबेंझिन पुन्हा सोडावे. जेवढे रूपांतरण परत आले, तेवढी घसरण पृष्ठभागावरील क्लोरीनची होती. उरलेल्या तुटीसाठी ताज्या आणि वापरलेल्या नमुन्यांतील निकेलचे क्ष-किरण विवर्तनातील 44.5 अंश कोनाजवळचे शिखर ताडून पाहावे (तांब्याच्या नळीचे क्ष-किरण गृहीत धरून): ते अरुंद आणि उंच झाले असेल, तर स्फटिक वाढले आहेत. क्लोरीनयुक्त निकेल आधारावर अधिक सहज सरकते आणि कण एकमेकांना मिळत जातात. पुन्हा कितीही क्षपण केले (हायड्रोजनची प्रक्रिया दिली) तरी ते विभागले जात नाहीत.

तिसरे कारण कार्बनचा थर. अ‍ॅल्युमिना हायड्रोजन क्लोराइडशी अभिक्रिया करते, तिची आम्लता वाढते आणि त्या आम्ल जागांवर कार्बन साचत जातो. सिलिकावर किंवा कार्बनच्या आधारावर हा त्रास बराच कमी असतो. हा थर ऑक्सिजनचे प्रमाण कमी केलेल्या हवेत सावकाश जाळून काढता येतो, परंतु त्याआधी क्लोरीन पूर्ण निघालेला असावा आणि तापमान एकदम चढू देऊ नये, नाहीतर जाळतानाच कण आणखी वाढतात.

आपल्या जागी मी असतो तर आधार बदलून सिलिका घेतली असती, हायड्रोजनचे प्रमाण वाढवले असते आणि एका फेरीतील रूपांतरण मुद्दाम कमी ठेवले असते, म्हणजे बाहेरच्या टोकाशी हायड्रोजन क्लोराइड साचत नाही. अभिक्रिया द्रवरूपात करणे शक्य असेल, तर सोडियम हायड्रॉक्साइड घालून तयार होणारे आम्ल तिथल्या तिथे उदासीन करता येते. मात्र त्यातून बनणारे मीठ उत्प्रेरकाच्या छिद्रांत बसू नये म्हणून धुण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते.